एकोणिसावी गाठ

डिचोलीच्या खाणीवरच्या लॅबोरेटरीत मी कामाला लागले त्या पहिल्याच सकाळी एका उंच, वाळक्या माणसाने माझ्या मेजावर दोन दगड ठेवले आणि शांतपणे सांगितलं, "बाय, जिभेक लावून बघ."

मी नुकतीच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. नवी साडी नेसून आले होते. दगड चाटायला सांगणारा माणूस आपली थट्टा करतोय असंच मला वाटलं. पण खोलीतली बाकीची माणसं माना खाली घालून आपापल्या कामात होती, कुणी हसत नव्हतं. मी पहिला दगड जिभेला लावला. गार लागला, एवढंच. दुसरा लावला तो जिभेला चिकटूनच बसला, ओढून काढावा लागला. त्यात चिकणमाती आहे, ते म्हणाले, म्हणून चिकटला. मी बाटल्या, बर्नर, तराजू यांच्याकडे बघायला लागले तसं त्यांनी मान हलवली. "तां सगळां मागीर. आदी जीभ."

त्यांना सगळे फातरमास्तर म्हणत. आमच्याकडे फातर म्हणजे दगड. त्यांचं खरं नाव हजेरीबुकात होतं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. ते मूळचे पेडण्याचे, म्हणजे माझ्याच बाजूचे. शिक्षण पोर्तुगीज अमलातल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत. कंपनीच्या कागदावर ते सॅम्पलर होते, नमुने गोळा करणारे. पण बाहेरून मोठ्या पदव्या घेऊन येणारे तरुण भूवैज्ञानिक महिन्याभरात त्यांच्यामागून डोंगर चढायला लागत आणि ते थांबले की थांबत.

काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग त्यांच्या गळ्यात कायम असायचं. जेवतानाही ते काढत नसत. एकदा डाळीत खडा लागला तर दात सांभाळायचं सोडून त्यांनी तो खडा धुतला, भिंगाखाली धरला आणि ही डाळ कुठल्या मुलखातून आली असेल यावर पंधरा मिनिटं बोलले. माणूस नवा भेटला की आधी विचारायचे, घरची विहीर किती खोल, आणि तळाला दगड कसला. लग्नाला गेले तर मांडवात बसायच्या आधी विहिरीत डोकावून येत. कारापूरच्या एका घरात मुलीकडची माणसं त्यांना मुलाकडचा कुणी खवचट नातेवाईक समजली होती, आणि पाण्याला काही दोष आहे का हे कळेपर्यंत बिचारी हवालदिल झाली होती.

राहायला ते मयेला होते. एकटेच. तळ्यापासून हाकेच्या अंतरावर भाड्याची खोली होती, समोर एवढं पाणी, आणि हे सकाळी एका तांब्यात तोंड, मान, हात, पाय सगळं उरकत. उरलेलं बोटभर पाणी जनेलातल्या, म्हणजे खिडकीतल्या तुळशीला. पावसाळ्यात पागोळ्या धो धो गळत असतानाही तोच तांब्या. मी एकदा त्यांना त्यावरून विचारलं, तेव्हा म्हणाले, सवय आहे, आणि सवय मोडली तर तिकडची आठवण मोडेल.

तिकडची म्हणजे सुदानची. तरुणपणी ते मुंबईमार्गे आफ्रिकेला गेले आणि फिरत फिरत सुदानच्या वाळवंटात सोन्याच्या एका लहानशा शोधखाणीवर नोकरीला लागले. खाण कसली, दोन तंबू, एक पत्र्याची शेड, वीसेक खणणारी माणसं आणि सहा उंट. गोवा मुक्त झाल्यानंतर वर्षा-दोन वर्षांत ते परत आले. बरोबर एक ट्रंक होती. तीत कपडे थोडे, दगड जास्त.

दुपारच्या जेवणानंतर ते त्यातलाच एखादा दगड काढत आणि बोलायला लागत. मी बरीच पुस्तकं पुढे वाचली, पण जमिनीच्या पोटातल्या सोन्याबद्दल मला जे कळलं ते त्या दुपारी कळलं. ते सांगायचे, तिकडच्या डोंगरांवर गवताची काडी नाही, त्यामुळे डोंगराची हाडं दिसतात. पानापानांचा हिरवट दगड, पुस्तक उभं ठेवावं तसा. त्या पानांमधून गारगोटीची एक पांढरी शीर गेलेली, कुठे हातभर रुंद, कुठे बोटभर, कुठे नाहीच. शिरेच्या दोन्ही बाजूंना दगड भाजल्यासारखा फिकट पडलेला. तिथे गरम पाणी खेळून गेलेलं असतं, तेच सोनं घेऊन येतं. गारगोटीत चौकोनी भोकं दिसली, आत गंज भरलेला असला, तर तिथे पूर्वी पायराइटचे खडे होते असं समजायचं. पायराइट म्हणजे लोक ज्याला खोटं सोनं म्हणतात ते. ते कुजून जातं, गंज उरतो, आणि त्याच्या पोटातलं बारीकसं खरं सोनं त्या गंजात मोकळं पडतं. कुठे तांब्याचा हिरवा डाग, पोपटाच्या पिसासारखा. असा डाग दिसला की माणसं धावायची. मास्तर म्हणायचे, डाग म्हणजे पत्ता, घरात माणूस आहे की नाही ते आत गेल्यावर कळणार.

पाणी नव्हतं म्हणून तिथे दगड दळून वाऱ्यावर पाखडत. ते सगळं त्यांनी आम्हाला सूप घेऊन करून दाखवलं होतं. आमच्या लॅबोरेटरीत दळण्याच्या खोलीत काम करणाऱ्या बायका सिंधुदुर्गातून आलेल्या, जन्मभर भात पाखडलेल्या. त्यांनी मास्तरांचं पाखडणं बघितलं आणि त्यातली एक म्हणाली, मास्तर, मनगट सैल सोडा, तुमचं सोनं अंगणात चाललंय. मास्तरांनी लगेच सूप तिच्या हातात दिलं आणि शिकून घेतलं.

पण त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा होती ती दोरीची. डोंगराचा नमुना घ्यायचा तर ते आधी एक दोरी ताणत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. जिथे गाठ येईल तिथलाच दगड फोडायचा, बाजूला कितीही चांगला दिसला तरी हात लावायचा नाही. गाठ मातीवर पडली तर माती घ्यायची. गाठ नुसत्या निकामी दगडावर पडली तर तो निकामी दगड मोठ्या काळजीने पिशवीत भरून, नंबर लिहून, तोंड बांधून आणायचा. "हात लबाड आसता," ते म्हणत. "तो बऱ्याचकडेच जाता." खाणीच्या मॅनेजरना याचा वैताग यायचा. लोहखनिज विकायचं होतं, माल नेणाऱ्या बार्जी नदीच्या धक्क्यावर थांबलेल्या असायच्या, आणि हा माणूस दोरी घेऊन बसलेला. पण मास्तरांच्या आकड्यात आणि बोटीवरच्या आकड्यात कधी फरक पडला नाही, म्हणून ते चालवून घेत.

त्या दोरीशी मी काय केलं, ते सांगायला मी हे लिहायला बसले आहे.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं, शिकवलं ते थोरल्या काकांनी. त्यांना आम्ही आपा म्हणायचो. आमचं घर पेडण्यातल्या मांद्र्याच्या आतल्या बाजूला, समुद्रापासून लांब, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर आपांचा, म्हणजे काजूची झाडं आणि चिऱ्याचा कातळ. आपांना एकच मुलगा, दिनू. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मॅट्रिकला दोनदा बसून घरीच होता. मला कॉलेजात घातलं तेव्हा आपांनी स्वतःच्या मुलाऐवजी भावाच्या मुलीला शिकवलं असं गावात बोललं गेलं होतं. ते खरं नव्हतं, पण माझ्या मनात ते राहिलं होतं.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आपांनी डोंगराच्या कुशीत विहीर खणायला घेतली. चिऱ्याचा थर संपल्यावर खाली हिरवट दगड लागला आणि त्यात गारगोटी. एका रविवारी मी घरी गेले तर काकूने देव्हाऱ्यातून एक पांढरा दगड काढून माझ्या हातात ठेवला. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. दगडाच्या एका कडेला मोहरीएवढा पिवळा ठिपका, आणि त्यापासून निघालेली केसासारखी रेघ.

सोमवारी मी तो मास्तरांना दिला. त्यांनी तो पुसला, भिंग लावलं, सुईने टोचून बघितलं. पायराइट असतं तर टोचल्यावर भुगा झाला असता. सुई आत रुतली. त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "सोनां आसा. पूण एक फातर म्हणजे डोंगर न्हय."

बातमी मॅनेजरपर्यंत गेलीच. सोनं ही आमची वस्तू नव्हती, पण मालकांना काहीतरी नवं दाखवायची त्यांना हौस होती. त्यांनी मास्तरांना आणि मला आठ दिवसांसाठी मांद्र्याला पाठवलं. मास्तर आमच्याच घरी उतरले. आपा आणि ते पहिल्याच संध्याकाळी विहिरीच्या काठावर बसले ते काकूने जेवायला तीनदा बोलावलं तरी उठेनात. दिनूने चर खणले. मास्तरांनी दोरी ताणली. एकूण अठ्ठावीस गाठी, अठ्ठावीस पिशव्या. विहिरीतला थोडा दगड त्यांनी कुटून काकूच्या काठवटीत धुतला, आणि काळ्या गाळाच्या शेपटाशी तीन पिवळे कण दिसले. आपांनी ते बघितलं, दिनूने बघितलं, शेजारच्या घरांतली माणसं येऊन बघून गेली. मास्तर सगळ्यांना सांगत होते की असे कण पुष्कळ डोंगरांत असतात. कोण ऐकतो?

कंपनी ज्यांची जमीन घेते त्यांच्या घरातल्या एकाला नोकरी देते, हे डिचोलीकडे सगळ्यांना ठाऊक होतं. आपांनी तोंडाने काही म्हटलं नाही. फक्त निघताना दिनूने माझी पिशवी बसपर्यंत आणली आणि म्हणाला, "ताई, माका मशीन चलवूक शिकवतीत काय गो थंय?" एवढंच बोलला तो.

लॅबोरेटरीत परतल्यावर मास्तरांनी सोन्याच्या परीक्षेसाठी एक लहान भट्टी उभी केली. सुदानमध्ये शिकलेली पद्धत. दगडाची पूड शिशाबरोबर वितळवायची, सोनं शिशात उतरतं. मग ते शिसं हाडांच्या राखेच्या वाटीत तापवायचं. वाटी शिसं पिऊन टाकते आणि तळाशी सोन्याचांदीचा मणी उरतो, असला तर. ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. पहिल्या दहा पिशव्यांत काही नव्हतं. पुढच्या आठांतून एकात डोळ्याला दिसेल न दिसेल असा मणी आला. देव्हाऱ्यातला तो दगड मास्तरांनी परत दिल्यापासून माझ्या मेजाच्या खणात होता. एका दुपारी खोलीत कुणी नसताना मी तो काढला, खलबत्त्यात त्याची पिवळी कड फोडली आणि एकोणीस नंबरच्या पिशवीत टाकली. मग ती पिशवी दळायला पाठवली.

मी हे कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही. आपांना हे कधी सुचलंही नसतं. मला त्या वेळी भीती वाटली नाही, लाज वाटली नाही, उलट कुठलंतरी जुनं देणं फिटल्यासारखं हलकं वाटलं. तेच मला आज सगळ्यात वाईट वाटतं.

एकोणिसातून आलेला मणी भिंगाशिवाय दिसत होता. मास्तर त्या दिवशी खाणीच्या पलीकडच्या बाजूला होते. ते यायच्या आत मॅनेजरनी माझी वही बघितली आणि पणजीला मालकांना फोन लावला. दोनच दिवसांत मालकांकडचे दोघे गाडी घेऊन मांद्र्याला जाऊन आले. काकूने त्यांना सोलकढी आणि भात वाढला. दिनूला त्यांनी पुढच्या महिन्यात भेटायला सांगितलं.

मास्तरांनी वही बघितली ती तिसऱ्या दिवशी. प्रत्येक नमुन्याची अर्धी पूड आम्ही राखून ठेवत असू, तिच्यातली एकोणीस नंबरची पुडी त्यांनी मागवली, बशीत ओतली आणि भिंग घेऊन जनेलाशी बसले. तासभर तरी बसले असतील. मी ब्युरेट धरून उभी होते आणि एकही वाचन नीट घेता येत नव्हतं. शेवटी त्यांनी मला बोलावलं. बशीत हिरवट पूड होती आणि तिच्यात पांढरे, धारदार कण.

"एकोणिसाव्या गाठीक गारगोटी नाय आसली," ते हळू म्हणाले. "नुसतो हिरवो फातर. मियाच फोडलंय."

मी खाली बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं असावं. मग बशी उचलली, पूड परत पुडीत भरली, नंबर वर येईल अशी घडी घातली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, म्हापशाला बस बदलून मांद्र्याला गेले, त्याच चरात तीच दोरी ताणून एकोणिसाव्या गाठीचा दगड पुन्हा फोडून आणला. भट्टी स्वतः लावली. राखेच्या वाटीत काही उरलं नाही. ती रिकामी वाटी घेऊन ते मॅनेजरच्या खोलीत गेले आणि सांगितलं की पहिल्या खेपेला आपल्याच हातून पिशव्यांची अदलाबदल झाली, विहिरीतला दगड चुकून एकोणिसात गेला, डोंगरात घेण्यासारखं काही नाही.

मॅनेजर मालकांसमोर तोंडघशी पडले होते. वीस वर्षं दोरीवरून लोकांना वेठीला धरणारा माणूस पिशव्यांची अदलाबदल करतो, हे त्यांनी साऱ्या ऑफिससमोर ऐकवलं. मास्तरांना लॅबोरेटरीतून काढून नदीच्या धक्क्यावर पाठवलं. तिथे दिवसभर उन्हात उभं राहून बार्जीत पडणाऱ्या मालाचे नमुने भरायचे, हे नव्या भरती झालेल्यांचं काम होतं. ते गेले. जाताना मला भट्टीचा चिमटा देऊन गेले आणि वाट्या दमट जागी ठेवू नको म्हणाले.

मी गप्प राहिले. तीन आठवडे. रोज ठरवायची आणि रोज काहीतरी कारण सापडायचं.

मग एका शनिवारी आपा डिचोलीला आले. दिनू ऑफिसात भेटायला गेला होता, त्याला मास्तरांच्या चुकीचं कारण सांगून दारातूनच परत पाठवलं होतं. आपांनी मला घेतलं आणि आम्ही धक्क्यावर गेलो. मास्तर डोक्याला फडकं बांधून, तांबड्या धुळीने माखून उभे होते. आपांना बघून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी विहिरीला पाणी किती लागलं ते विचारलं.

आपा कधी आवाज चढवून बोलणारे नव्हते, तेव्हाही त्यांनी तो चढवला नाही. म्हणाले, तुम्ही माझ्या घरात जेवलात. माझ्या पोराला आशा लावलीत आणि काढून घेतलीत. तुम्हाला दगडातलं कळत नाही, तर तसं पहिल्या दिवशीच सांगायचं होतं. आजूबाजूचे हमाल, बार्जीवरची माणसं ऐकत होती. मास्तर फडक्याचं टोक बोटांत धरून उभे राहिले.

"चूक जाली, आपा," ते म्हणाले.

मी तिथेच तोंड उघडलं. काय शब्द वापरले ते आठवत नाही. काकूने दिलेला दगड, खण, खलबत्ता, एकोणीस, सगळं उलटसुलट सांगितलं असणार. आपा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा पहिला प्रश्न मला अजून ऐकू येतो.

"दिनूक खबर आसा?"

मी नाही म्हटलं. "त्याका सांगू नको," ते म्हणाले, आणि एकटेच बसस्टँडकडे चालायला लागले.

मी सरळ मॅनेजरकडे गेले. शनिवारची सुटी व्हायला आली होती, ते ब्रीफकेस आवरत होते. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी मला काढून टाकलं असतं तर मला आश्चर्य वाटलं नसतं. त्यांनी वर्षभर मला दळण्याच्या खोलीत पाठवलं. मास्तरांना परत बोलावलं, मात्र झाल्या गोष्टीबद्दल त्यांना काही बोलले नाहीत.

रविवारी मी मयेला गेले. वाटलं होतं मास्तरांना बरं वाटलं असेल. त्यांनी मला आत घेतलं, बसायला कदेल, म्हणजे खुर्ची दिली, पण चेहरा दगडासारखा. इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं तेव्हाच काय ते बघितलं.

"कित्याक सांगलंस?" त्यांनी विचारलं. "माका तां व्हरूक जाय आसलां."

ते ओझं त्यांना स्वतःच वाहायचं होतं, असं ते म्हणत होते. मला काही कळेना. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. सुदानमधली ती शीर तीस हातांखाली बारीक होत चालली होती. खाण बंद होणार हे त्यांना सगळ्यांच्या आधी दिसलं. पेडण्याला परत येऊन करण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतं. म्हणून नमुन्याच्या एका पिशवीत त्यांनी वरच्या, जुन्या खणातले चांगले तुकडे भरले. खाण आणखी चार महिने चालली. मग खोटं उघड झालं. त्या पिशव्या तपासणीला पाठवायला उंटावर घालून पोस्टाच्या ऑफिसापर्यंत नेणारा इद्रीस नावाचा तिकडचा माणूस होता. मास्तर आजारी पडले तेव्हा त्याने त्यांना दोन महिने बकरीच्या दुधावर जगवलं होतं. ठपका त्याच्यावर आला, रस्त्यात पिशव्या उघडल्याचा. त्याला सगळ्यांसमोर हाकलून दिलं. त्याने एकदा मास्तरांकडे बघितलं, कारण पिशव्यांची तोंडं कोण बांधतं ते त्याला ठाऊक होतं. मास्तर बोलले नाहीत. दोरी त्यांनी हातात घेतली ती त्यानंतर.

बाहेर कुणाची तरी सायकल गेली, पाव विकणाऱ्या पोदेराची असावी, कारण भोंगा वाजला. मी जायला उठले. दारापर्यंत आले तेव्हा त्यांचा आवाज आला, राग गेलेला, थकलेला.

"तू तीन आठवड्यांत सांगलंस," ते म्हणाले. "मिया सांगूक नाय."

आपा पुढच्या आठवड्यात एकटेच मयेला जाऊन आले. सोबत अंगणातल्या केळीचा घड नेला होता. दोघं काय बोलले ते मला कुणी सांगितलं नाही. पण त्या वर्षी पाऊस संपल्यावर आपांनी विहीर आणखी सहा हात खणायला घेतली आणि मास्तर चार दिवस तिथे जाऊन राहिले. दिनू मुंबईला गेला, गोदीत चिकटला आणि तिथेच राहिला. त्याला मी आपा गेल्यानंतर सांगितलं. तो फोनवर म्हणाला, ताई, मला यंत्रं इकडेच शिकायला मिळाली. ते माफ करणं होतं की नव्हतं, मी विचारलं नाही.

मास्तर निवृत्त झाल्यावर एकदा त्यांनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. मेजावर कोरे कागद आणि पेन मांडून ठेवलं होतं. तुझं अक्षर चांगलं आहे आणि इंग्रजीही, म्हणाले. इद्रीसच्या भावाचं पोर्ट सुदानला चहाचं दुकान होतं, तेवढाच पत्ता त्यांच्यापाशी होता, तोही तीस वर्षांपूर्वीचा. ते मराठीत सांगत गेले, मी लिहीत गेले. मला वाटलं होतं ते आधी ख्यालीखुशाली विचारतील. त्यांनी पहिलंच वाक्य सांगितलं ते असं, की त्या पिशवीत दगड मी घातला होता, तू नाही. ते लिहून झाल्यावर ते मला थांब म्हणाले आणि उठून बाहेर तळ्याकडे बघत उभे राहिले. मग आत येऊन दुसरं वाक्य सांगितलं, की बकरीचं दूध मी विसरलेलो नाही. आणखी काही सांगायला त्यांना सुचेना. पत्र दोनच ओळींचं राहिलं.

डिचोलीच्या पोस्टात जाऊन आम्ही ते टाकलं. तिकिटं त्यांनी स्वतः चिकटवली, जिभेने ओली करून.

त्यानंतर ते चार वर्षं होते. मी अधूनमधून जायची आणि दर वेळी विचारायची, काही आलं का. उत्तर कधी आलं नाही. शेवटच्या खेपेला मी न राहवून म्हटलं की दुकान आता तिथे नसेलच, मास्तर, इतक्या वर्षांत कोण राहतं एका जागी. त्यांनी मान हलवली.

"पत्र परत येवंक नाय," ते म्हणाले. "म्हणजे कोणी तरी घेतलां."

आणि मला चहा करायला ते उठले.